प्रकाशानं पकडलेला चट्टा

उचगावच्या टपरीवर कटिंग पिताना मित्र सांगतो, ‘गालात आतून पांढरा चट्टा आलाय.’ आपलं उत्तर ठरलेलं, ‘काय नाय होत भावा, तिखट खाल्लं असशील!’ पण तो रोज मावा खात असेल तर?

असा चट्टा कॅन्सरकडे झुकतोय का, हे प्रकाशावरून ओळखण्याचं संशोधन खारघरला टाटा मेमोरियल सेंटरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये झालंय. त्याचा पाया म्हणजे सी. व्ही. रामन यांचा १९२८ मधला शोध. लेझरचा प्रकाश पेशींवर पडला की त्यातला अगदी थोडा भाग रंग बदलून परततो. पेशींतली प्रथिनं, चरबी, डीएनए बदलले की हा रंगबदलही वेगळा दिसतो. ना सुई, ना कापाकापी!

त्वचेच्या कॅन्सरसाठी प्रकाश वेगळ्या पद्धतीनं वापरणाऱ्या ‘डर्मासेन्सर’ या हातात मावणाऱ्या यंत्राला अमेरिकेच्या एफडीएनं जानेवारी २०२४ मध्ये मान्यता दिली. तरी यंत्र इशारा देतं, पक्कं निदान बायोप्सीच करते.

म्हणून चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही, तिळाचा रंग-आकार बदलला, तर थेट डॉक्टर गाठा. आणि भावा, मावा सोड!