संरक्षणाचा हिशेब

निवडणूक कोणतीही असो, देश कोणत्या पक्षाच्या हाती सुरक्षित राहील हा प्रश्न आता व्यासपीठावर हटकून येतो. एक पक्ष बालाकोटचा आणि ‘सिंदूर’ मोहिमेचा दाखला देतो, दुसरा १९७१ च्या विजयाचे स्मरण करून देतो. एक १९६२ चा पराभव उगाळतो, दुसरा कारगिलची गाफिली आणि कंदाहारचे विमान पुढे करतो. प्रश्न गैर नाही. ज्याचा मुलगा सीमेवर उभा आहे आणि ज्याच्या करातून तोफा विकत घेतल्या जातात, त्या नागरिकाला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु उत्तरादाखल त्याच्या पदरात पडतात त्या केवळ उखाळ्यापाखाळ्या!

मुंबईकरांनी तर हा प्रश्न एकदा थेट मतपेटीतच सोडवू पाहिला. फेब्रुवारी १९६२ मध्ये उत्तर मुंबईत संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याविरुद्ध आचार्य कृपलानी उभे राहिले. चीनच्या बाबतीत सरकार बेसावध आहे, हा कृपलानींचा मुख्य आक्षेप होता. मेनन सुमारे १ लाख ४५ हजारांच्या मताधिक्याने विजयी झाले. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला चढविला आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मेनन यांना मंत्रिमंडळ सोडावे लागले. त्या मतदारांना आज दोष देणे सोपे आहे, न्याय्य मात्र नाही. जवानांपाशी थंडीचे कपडे किती, सीमेपर्यंत रस्ते पोचले आहेत काय, यांतील फार थोडे त्यांच्यापर्यंत आले होते. जेथे माहिती नाही तेथे पारख कशी व्हावी? मग वक्त्याचा आवाज हाच पुरावा ठरतो.

नागरिकाला जे विचारता येत नाही, ते त्याच्या वतीने विचारण्यासाठी संसद असते. १९६२ चे युद्ध चालू असतानाच जनसंघाचे तरुण सदस्य अटलबिहारी वाजपेयी यांनी अधिवेशनाची मागणी केली आणि पंडित नेहरूंनी ती मान्य केली. ८ नोव्हेंबरपासून भर संकटात सरकारवर उघड टीका झाली. तिने देश दुबळा झाला नाही. त्याच महिन्यात यशवंतराव चव्हाण दिल्लीस गेले आणि पुढच्या वर्षी नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. टीका करणारे आणि पाठीशी उभे राहणारे विरोधक वेगवेगळे नव्हते.

पुढचा इतिहास मात्र कोणत्याच पक्षाला मिरविण्यासारखा नाही. त्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल १९६३ मध्ये तयार झाला. सरकारने तो आजतागायत प्रसिद्ध केलेला नाही. काँग्रेसने तो दडविला हे समजण्यासारखे आहे. परंतु २०१४ च्या मार्चमध्ये, विरोधी बाकांवर असताना, अशा गोपनीयतेवर टीका करणारे अरुण जेटली त्याच वर्षी जुलैमध्ये संरक्षणमंत्री या नात्याने सांगते झाले की, अहवाल उघड करणे राष्ट्रहिताचे नाही. बाक बदलले की राष्ट्रहितही बदलते काय?

कारगिलच्या वेळी वाजपेयी सरकारने राज्यसभेच्या विशेष अधिवेशनाची मागणी फेटाळली. तथापि युद्ध संपल्यावर तीनच दिवसांत के. सुब्रह्मण्यम यांची समिती नेमली आणि काही भाग वगळून तिचा अहवाल संसदेपुढे ठेवला. हे श्रेय त्या सरकारला दिलेच पाहिजे. त्यानंतर २००१ मध्ये मंत्रिगटाने तिन्ही दलांसाठी एक संरक्षणप्रमुख नेमण्याची शिफारस केली. पहिले संरक्षणप्रमुख अधिकारपदावर आले ते १ जानेवारी २०२० रोजी. मधल्या काळात दोन्ही प्रमुख पक्षांना सत्ता मिळाली होती.

आणि आपला किनारा? १९९३ मध्ये मुंबईतील बॉम्बस्फोटांची स्फोटके रायगडच्या किनाऱ्यावर उतरली. पंधरा वर्षांनी, २००८ मध्ये, दहा दहशतवादी समुद्रमार्गेच आले आणि कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले. १६६ माणसे प्राणांस मुकली. या पंधरा वर्षांत दिल्लीत आणि मुंबईत बहुतेक सर्व प्रमुख पक्ष सत्तेवर येऊन गेले. झेंडे बदलले, किनारा मोकळाच राहिला. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण कोणा एका पक्षाच्या मालकीची नाही.

युद्धाचे बेत चव्हाट्यावर मांडा, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. गुप्तता आवश्यकच आहे. परंतु शत्रूपासून राखावयाचे गुपित वेगळे आणि मतदारापासून झाकावयाची चूक वेगळी. मार्च २०१८ मध्ये, सत्तारूढ पक्षाचेच खासदार असलेले निवृत्त मेजर जनरल खंडुरी यांच्या समितीने संसदेला सांगितले की, लष्कराची ६८ टक्के सामग्री जुनाट आहे. हे सांगणे देशद्रोह नव्हता, ती देशसेवा होती. उलट गलवानमध्ये २०२० साली वीस जवान धारातीर्थी पडल्यानंतर मंत्र्यांचे निवेदन झाले, विरोधकांनी वारंवार मागितलेली सविस्तर चर्चा मात्र झाली नाही. पहलगामनंतरच्या कारवाईवर जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत चर्चा झाली, ती उशिरा का होईना, योग्यच झाली.

तेव्हा मत मागावयास येणाऱ्या प्रत्येकाला आमच्या वाचकांनी तीन प्रश्न विचारावेत: आपल्या पक्षाच्या राजवटीत झालेल्या चुकीची चौकशी आपण होऊ द्याल काय? तिचा अहवाल संसदेपुढे ठेवाल काय? विरोधकाच्या प्रश्नाला देशद्रोह न म्हणता उत्तर द्याल काय? जो पक्ष या तिन्हींना होय म्हणेल आणि सत्तेवर आल्यावर तसे वागेल, त्याच्या हाती देश अधिक सुरक्षित आहे. जवान आपल्या प्राणांनी हिशेब चुकता करतो. त्याच्या नावाने मते मागणाऱ्यांनी निदान शब्दांनी तरी तो द्यावा.