स्नायूपेशीतील रायबोसोमनिर्मिती आणि करडांची वाढ

पेंड वाढवूनही करडू अंग धरत नाही, अशी तक्रार शेळीपालक वारंवार करतात. जंत व आजार यांचा विचार प्रथम करावाच. परंतु स्नायूपेशीच्या आत काय घडते, हेही जाणून घेणे उपयुक्त ठरते. खाद्यातील प्रथिनांपासून मिळणारी अमिनो आम्ले हा केवळ कच्चा माल होय. ती जोडून स्नायूंची प्रथिने तयार करणारे कारखाने म्हणजे रायबोसोम. कारखानेच कमी असतील, तर माल कितीही आला तरी उत्पादन मर्यादित राहते. शिल्लक अमिनो आम्लांतील नत्र युरियाच्या रूपात मूत्रावाटे निघून जाते. पशुपालकाचा पैसाही त्याच वाटेने जातो.

स्नायूतंतू ही अनेक केंद्रके असलेली लांबट पेशी आहे. केंद्रकातील केंद्रकीमध्ये आरएनए पॉलिमरेज-1 हे विकर रायबोसोमी आरएनएचा एक लांब धागा तयार करते. त्याची छाटणी होऊन तीन तुकडे मिळतात. 5एस हा चौथा तुकडा केंद्रकीबाहेर तयार होऊन येतो. त्यांवर सुमारे 80 प्रथिने बसविली जातात आणि ती प्रथिने जुन्या रायबोसोमांनीच बनविलेली असतात! तयार झालेले 40एस व 60एस हे दोन भाग केंद्रकाबाहेर पडून संदेशवाही आरएनएवर एकत्र येतात व कामाला लागतात. पेशीतील एकूण आरएनएपैकी सुमारे 80 टक्के आरएनए रायबोसोमी असतो, यावरून या खर्चाची कल्पना यावी.

हा खर्च पेशी परिस्थिती पाहूनच करते. ल्युसिनसारखी अमिनो आम्ले व इन्सुलिन यांच्यामुळे एमटॉर हे प्रथिन कार्यान्वित होऊन रायबोसोमनिर्मितीला चालना मिळते. उपासमारीत ती मंदावते, शिवाय जुने रायबोसोमही मोडले जातात. म्हणून ऊर्जा देणाऱ्या धान्याची जोड न देता केवळ पेंड वाढविणे हा अर्धाच उपाय होय.

वयाचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. डुकराची पिल्ले व उंदीर यांवरील अभ्यासांत असे आढळले, की स्नायूंतील प्रथिननिर्मितीचा वेग जन्मानंतर लगेच सर्वाधिक असतो व काही आठवड्यांतच झपाट्याने घटतो. रायबोसोमांची घटती संख्या हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. शेळी-मेंढीत स्नायूतंतूंची संख्याही बहुतांशी जन्मापूर्वीच ठरते. त्यामुळे गाभण शेळीला अखेरच्या सहा आठवड्यांत जादा खुराक द्यावा, करडाला जन्मानंतर तासाभरात चीक पाजावा आणि पुढे दूध विकण्यासाठी त्याच्या वाट्याचे दूध तोडू नये.