हेल्मेट घालणारा आणि हेल्मेट करणारा

दुचाकीस्वाराने हेल्मेट घातलेच पाहिजे, आणि तेही भारतीय मानक ब्यूरोच्या कसोटीस उतरणारे, असे मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १२९ सांगते. हा कायदा जुलै १९८९ मध्ये अमलात आला. परंतु कसोटीस न उतरणारे हेल्मेट तयार करून विकण्यास मात्र मनाई नव्हती, आय.एस.आय. चिन्ह घेणे न घेणे ही उत्पादकाच्या मर्जीची बाब होती. ती मनाई केंद्र सरकारच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने १ जून २०२१ पासून आली. म्हणजे जी वस्तू वापरणे कायद्याला मान्य नव्हते, तीच विकण्याची मुभा तब्बल बत्तीस वर्षे होती. पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये हेल्मेटसक्तीविरुद्ध आंदोलन झाले, त्याचाही सारा भर घालावे की न घालावे यावरच होता.

वस्तुतः हेल्मेटचे खरे मोल डोळ्यांना दिसत नाही. आघात शोषून घेते ते कवचाच्या आतले थर्मोकोलसारखे जाड अस्तर. अपघाताच्या क्षणी ते चिरडते आणि मेंदूला बसणारा धक्का सौम्य होतो. ते अस्तर पुरेसे जाड व योग्य घनतेचे आहे काय, हनुवटीचा पट्टा ताण सोसेल काय, हे दुकानात उभ्या उभ्या कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत हेल्मेट कृत्रिम मस्तकावर चढवून ऐरणीवर आदळावे लागते. (घरी हा प्रयोग करणाऱ्याच्या हाती निकामी हेल्मेटच उरेल!) जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी जे दाखवून दिले, तेच येथे घडते : ग्राहकाला डावेउजवे ओळखता येत नसले, की तो हलक्या मालाचीच किंमत देऊ करतो आणि चांगला माल करणाऱ्याला बाजारात टिकणे कठीण होते. त्यात सक्ती केवळ स्वारावर असली, तर दंड चुकविण्यापुरते स्वस्त हेल्मेट घेण्याकडे साहजिकच कल होतो.

२०२१ च्या आदेशाने हा भार योग्य खांद्यावर टाकला, हे मान्य केले पाहिजे. प्रश्न उरतो तो बनावट चिन्हाचा. चिन्हाखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपवर पडताळता येतो खरा; पण त्याने शोधाचे काम पुन्हा ग्राहकाच्याच गळ्यात येते. रस्त्याकडेच्या विक्रेत्याचा माल जप्त झाला की त्याची बातमी होते. तो काही हेल्मेट तयार करीत नाही. ज्या कारखान्यातून माल आला, तेथील साचे आणि हिशेबवह्या कोणी तपासल्या काय, हे त्या बातमीत सहसा नसते.