कच्च्या बीटाचे पेय : वाफ्यापासून पेल्यापर्यंत

घरोघरी मिक्सर आल्यापासून बीट कोशिंबिरीतून खाण्याऐवजी पिण्याची चाल पडू लागली आहे. फळे, दही व कच्चे बीट एकत्र वाटून केलेल्या दाट पेयास शहरात स्मूदी म्हणतात. गावात त्यास सरसकट बीटाचा रस असेच म्हटले जाते. वस्तुतः रस गाळलेला असतो आणि हे पेय चोथ्यासह घ्यावयाचे असते. पेय चांगले आहे यात शंका नाही. तथापि येथे कंद मातीतून थेट पेल्यात येतो, मध्ये विस्तव नसतो. भाजी शिजविताना धुण्यातली जी कसूर चूल पोटात घालते, ती येथे पिणाऱ्याच्या पोटात जाते.

ही भीती कल्पनेतली नव्हे. फिनलंडसारख्या स्वच्छतेबाबत दक्ष असलेल्या देशात २०१० साली सार्वजनिक भोजनगृहांतून वाढलेले कच्चे किसलेले बीट खाऊन अनेक ठिकाणी लोकांना पोटाचे विकार झाले. शिजविलेल्या बीटाने असे सहसा होत नाही. म्हणून कच्च्या बीटाची तयारी स्वयंपाकघरात नव्हे, वाफ्यातच सुरू होते असे समजावे.

बीट हे थंड हवेचे पीक. महाराष्ट्राच्या सपाट भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेले बीट रंगास व गोडीस उत्तम उतरते. उन्हाचा ताप वाढला की कंद कापल्यावर आत पांढरी व तांबडी कडी दिसतात, आणि अशा कंदाचे पेय फिके होते. बी म्हणून जो खडबडीत दाणा मिळतो तो खरे पाहता फळांचा गुच्छ असून त्यातून दोन ते पाच रोपे उगवतात. त्यांची वेळेवर विरळणी न केल्यास कंद एकमेकांस दाबून वेडेवाकडे होतात. वेड्यावाकड्या कंदाच्या खाचांत माती अडकते व ती कितीही धुतली तरी पुरती निघत नाही. पेयासाठी कंद विकणाऱ्याने विरळणीचा आळस करू नये तो यासाठीच. कंदाच्या आत काळे, बुचासारखे डाग दिसल्यास जमिनीत बोरॉनची उणीव असण्याचा संभव असतो. माती तपासून घेऊन मगच बोरॅक्स द्यावा, कारण ह्या द्रव्याचा अतिरेकही पिकास बाधतो.

शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरावे. शहरालगतच्या मळ्यांत सांडपाणी वा नाल्याचे पाणी देण्याचा मोह होतो. अशा पाण्यावरचे बीट कच्चे खाण्यासाठी विकणे हा गिऱ्हाइकाचा घात आहे. युरियाचा हातही आखडता असावा. नत्र जास्त झाल्यास पाला माजतो आणि कंदात नायट्रेट साठते. त्याविषयी पुढे येईल.

कंद पाच ते सात सेंटिमीटर व्यासाचा झाला की काढावा. त्याहून मोठा होऊ दिल्यास वजन मिळते, पण गर तंतुमय होतो आणि मिक्सरमध्ये नीट वाटला जात नाही. पाला कोयत्याने कंदाशी छाटू नये. दोन-तीन सेंटिमीटर देठ ठेवून पिळून तोडावा, म्हणजे रंग व रस वाहून जात नाही. शेपटीही त्या वेळी तोडू नये.

घरी आणल्यावर प्रथम कंद अखंड असतानाच धुवावा. पुष्कळ ठिकाणी आधी साल काढून मग धुतात, तेथेच चूक होते. विळीचे पाते साल कापताना सालीवरची माती गरावर ओढीत नेते. कंद थोडा वेळ पाण्यात भिजत ठेवून माती मऊ करावी, ते पाणी ओतून टाकावे, आणि मग वाहत्या पाण्याखाली ब्रशने वा काथ्याने घासावा. देठाभोवतीची जागा नीट पाहावी, माती तेथेच लपते. नळ नसेल तेथे एकाने तांब्याने धार धरावी व दुसऱ्याने घासावे. एकाच घमेल्यातल्या पाण्यात सर्व कंद बुचकळून काढणे म्हणजे एकाची माती दुसऱ्यास लावणे होय. शेवटचे पाणी पिण्याचेच असावे, म्हणजे उकळलेले किंवा ग्रामपंचायतीने टीसीएल टाकून शुद्ध केलेले. त्यानंतर देठ व शेपटी कापून साल काढावी, हात व विळी पुन्हा धुवावी, आणि सोललेला कंद एकदा खळबळून घ्यावा. अधिक काळजी घ्यावयाची असल्यास सोलण्यापूर्वी धुतलेला कंद उकळत्या पाण्यात थोडा वेळ बुडवून काढावा. पृष्ठभागावरील जंतू त्याने पुष्कळ कमी होतात आणि आतला गर कच्चाच राहतो. गरोदर स्त्री, वृद्ध, अगर दुखण्यातून उठलेला मनुष्य यांच्यासाठी मात्र कंद सरळ शिजवून, थंड करून वाटावा. गोडी किंचित वाढते, फोलिक आम्लाचा थोडा भाग कमी होतो. पोट बिघडण्यापेक्षा तो तोटा परवडतो.

कच्च्या बीटास ओल्या मातीचा वास येतो व त्यामुळे मुले पेला बाजूस सारतात. धुण्यात कसूर राहिल्याने हा वास येतो अशी समजूत आहे, पण ती खरी नाही. पहिल्या पावसाच्या मृद्‍गंधात जे जिओस्मिन नावाचे द्रव्य असते, तेच बीटाच्या कंदातही असते व त्याचा भर सालीत असतो. म्हणून साल जरा जाडसर काढावी. आंबट पदार्थ घातल्यानेही हा वास मंदावतो. लिंबू पिळण्याची जुनी रीत केवळ चवीसाठी नाही. बीटाचा तांबडा रंग उष्णतेने, उजेडाने व हवेने फिका पडतो, त्यासही लिंबाच्या आंबटपणाने आधार मिळतो.

कच्चा कंद कठीण असल्याने त्याच्या मोठ्या फोडी मिक्सरमध्ये टाकू नयेत, पाती अडतात व भांडे तापते. कंद किसून घ्यावा किंवा पातळ चकत्या कराव्यात. भांड्यात आधी पाणी किंवा ताक घालावे, मग कीस, आणि फळ सर्वांत शेवटी. दोन पेल्यांसाठी एक मध्यम कंद, म्हणजे सोलून सुमारे शंभर ग्रॅम, पुरेसा होतो. त्यात एक पिकलेले केळे, बिया काढलेला अर्धा पेरू किंवा एका आवळ्याचा कीस, आल्याचा लहान तुकडा, अर्धे लिंबू व पाऊण पेला पाणी घालावे. आवडीप्रमाणे जिरेपूड टाकावी. साखर घालण्याचे कारण नाही, शंभर ग्रॅम बीटात सुमारे सात ग्रॅम साखर मुळातच असते. मधुमेही माणसाने केळेही वगळावे, आणि पेय गाळू नये. गाळल्याने चोथा जातो व साखर तेवढी राहते. भांड्याच्या झाकणातील रबरी कडे दर वेळी काढून धुवावे. तेथे अडकलेला लगदा दुसऱ्या दिवशी आंबतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बीट तांबडे म्हणून त्याने रक्त वाढते, हा समज गावोगावी पक्का बसला आहे. बीटाचा रंग बीटालेन नावाच्या द्रव्यांचा आहे, त्याचा रक्ताशी वा लोहाशी संबंध नाही. शंभर ग्रॅम कच्च्या बीटात लोह अवघे ०.८ मिलिग्रॅम असते. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीस दररोज २९ मिलिग्रॅम लोह हवे. केवळ बीटातून ते मिळवावयाचे तर दिवसाकाठी साडेतीन किलोहून अधिक कंद खावे लागतील. वर सांगितलेल्या एका पेल्यातील बीटाचे लोह अर्धा मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरांत सुमारे ५४ जणींना रक्तक्षय आढळला. अशा स्थितीत एखाद्या घरची सासू मोठ्या मायेने गरोदर सुनेस रोज बीटाचा पेला देते आणि गोळ्यांनी उष्णता होते म्हणून त्या फडताळात पडून राहतात, तेव्हा नुकसान मोठे होते. गरोदरपणी १८० दिवस रोज जी गोळी दिली जाते तीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. पेला तिची जागा घेऊ शकत नाही. आशा व अंगणवाडी सेविकांनी बीटाची निंदा करून हे सांगू नये. सासूबाईंचा हेतू चांगलाच असतो, तो मोडू नये. फोलिक आम्लाच्या दृष्टीने बीट खरोखर उपयुक्त आहे, आणि आवळ्याच्या वा लिंबाच्या क जीवनसत्त्वाने जेवणातील लोह अंगी लागण्यास मदत होते. तेव्हा आवळा घातलेले पेय जेवणाबरोबर द्या, गोळी चालू ठेवा आणि चहा त्या वेळी टाळा, असे सांगितल्यास ते सहज पटते.

बीटातील नायट्रेटचे शरीरात रूपांतर होऊन रक्तवाहिन्या सैल होतात व रक्तदाब थोडा उतरतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणून रक्तदाबाचे औषध सोडून पेल्यावर भिस्त ठेवू नये. तयार पेय उघड्यावर तासन्‌तास ठेवल्यास जंतूंमुळे याच नायट्रेटचे नायट्राइट होते. तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती त्याने घटते. सहा महिन्यांच्या आतील मुलास आईच्या दुधाखेरीज काहीच द्यावयाचे नसते, मग बीटाचा चमचाही नको. इतरांनीही पेय करावे व लगेच प्यावे. सकाळचे संध्याकाळी पिऊ नये. मुतखड्याची खोड असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून रोज घेऊ नये, बीटात ऑक्झलेट बरेच असते. काहींना बीट घेतल्यावर लघवी तांबूस होते. तो बीटाचा रंग असून घाबरण्याचे कारण नाही. बीट बंद करूनही तांबूसपणा राहिला तर मात्र दवाखान्यात दाखवावे.

कोवळा पाला टाकून देऊ नये. त्यात कंदाच्या सुमारे तिप्पट लोह आहे, पण ऑक्झलेटही अधिक. तो पेयात कच्चा न घालता पालकाप्रमाणे धुऊन, चिरून, डाळीत शिजवावा.