पहिली फुलं गळली म्हणून वेल उपटू नका



मृगाचा पाऊस झाला की गटात बियाण्यांच्या पुड्या वाटल्या जातात. घरामागे, मोरीच्या कडेला वाफे होतात. श्रावण येईतो त्यातले कितीतरी वाफे गवतात हरवलेले असतात. विचारलं तर ताई म्हणतात, "उगवलंच नाही." नाहीतर म्हणतात, "वेलाला नुसती फुलं येत होती, काढून टाकला." बी दर वेळी वाईट नसतं. पुष्कळदा आपणच आधी हात टेकलेले असतात. मग आहेच बाजाराच्या दिवशीची भाजी, तिसऱ्या दिवशी सुकलेली, आणि उरलेला आठवडा पिठलं.

बायकांना धीर नाही, असं मी म्हणणार नाही. पण घरात आपल्याकडे जो तो आत्ताच्या आत्ता मागतो. चहा आत्ता, डबा आत्ता. त्याच नजरेनं आपण वाफ्याकडे बघतो. त्यात सासूबाई दारातून विचारतात, "काय उगवलं गं तुझं?" त्यांना सांगायला दिवसांचा हिशेब माहीत हवा.

मेथी तीन-चार दिवसांत वर येते आणि २५ ते ३० दिवसांत भाजीला होते. म्हणून पहिला वाफा मेथीचा करा, फक्त पावसाळ्यात उंच करा, नाहीतर सडते. कोथिंबिरीचे धने रगडून दोन फाका केल्या, रात्रभर भिजवले, तरी आठ-दहा दिवस लागतात. चौथ्या दिवशी बोटानं उकरून बघितलं की कोंब मोडलाच म्हणायचा. भेंडी ४५ ते ५० दिवस घेते. मिरची-वांग्याचं रोप लावण्याजोगं व्हायलाच महिना-सव्वा महिना जातो आणि पुढे दोन-अडीच महिने. म्हणजे मृगात बी टाकलं तर मिरची नवरात्राच्या सुमारास. कढीपत्त्याचं तर विचारूच नका!

आता दुधीच्या वेलाचं बोलू, कारण सगळ्यात जास्त वेल इथेच उपटले जातात. दुधी, भोपळा, दोडका यांच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी दोन तऱ्हेची फुलं येतात. नर फुलं आधी येतात. ती दिवसभरात कोमेजून गळतात. तो रोग नाही, त्यांचं कामच तेवढं. लांब, बारीक देठाचं ते नर फूल. पाकळ्यांच्या खाली बोटाच्या पेराएवढी इवलीशी दुधी दिसली की ते मादी फूल. मादी फुलं मागाहून येतात. तोवर युरियाची मूठ टाकू नका, नुसता पाला माजेल.

मादी फूल आलं, पण खालची छोटी दुधी पिवळी पडून गळाली, तर बहुधा पराग पोचलेला नसतो. तेव्हा आपण मदत करायची. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा. भोपळ्याचं फूल मात्र भल्या पहाटे उमलतं, त्याला सकाळीच गाठायला हवं.

मावा पडला तरी लगेच दुकानाकडे धावू नका. ठिपक्यांचे लाल ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या मावा खातात, त्यांना चार दिवस द्या. मावा वाढतच गेला, तर ५० ग्रॅम निंबोळी कुटून १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा आणि संध्याकाळी फवारा.

आणि बियाण्याची दुधी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती गावरान बियाणं जपण्याच्या कामासाठी. आपल्याला तेवढं मोठं काम करायचं नाही. वेलावरची एक चांगली गावरान दुधी न तोडता ठेवायची, बस. संकरित बियाण्याची नको, पुढच्या वर्षी तशीच येईल याचा भरवसा नाही. पोरं मागतील, शेजारीण मागेल, पाहुणे आले की आपलाच हात जाईल. तिला चिंधी बांधून ठेवा, म्हणजे घरात सगळ्यांना कळेल. हिरवी दुधी पिवळट होते, मग साल लाकडासारखी कडक होते. हलवून बघा. आत बिया खुळखुळल्या की उतरवा.