देव सासुरवाशीण होतो तेव्हा

सासरच्या छळावरचा मराठी चित्रपट म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो रुमाल. 1991 साली 'माहेरची साडी' लागला तेव्हा गावोगावच्या बायका गाड्या करून चित्रपटगृहांत आल्या आणि रडून परत गेल्या. सासर म्हणजे रडणे हे समीकरण आपल्याकडे इतके पक्के आहे की जुन्या काळात घडणारी, प्रेमाची, शेवट गोड असलेली आणि कडक सासरची फजिती करणारी गोष्ट मराठी पडद्यावर कोणती, असे कुणी विचारले तर पटकन नाव सुचत नाही. माझे उत्तर 'संत सखू' असे आहे. प्रभात फिल्म कंपनीचा हा चित्रपट 1941 सालचा. दामले, फत्तेलाल आणि राजा नेने या तिघांनी तो दिग्दर्शित केला. त्याला आपण संतपट म्हणतो, हात जोडतो आणि पुढे जातो. पण ज्या कथेवर तो उभा आहे तिची बांधणी मुळातच विनोदी आहे, आणि तो विनोद कोणाच्या जिवावर उभा आहे हे पाहण्यासाठी हा लेख.

कथा सर्वांना थोडीफार ठाऊक असते. पण लोक ती अर्ध्यावरच सोडतात. म्हणून महिपतींच्या 'भक्तिविजया'त ती कशी येते ते आधी सांगतो. महिपती ताहराबादचे कुळकर्णी. हा ग्रंथ त्यांनी 1762 साली पुरा केला. कराडच्या एका ब्राह्मण घरातली सखू ही सून. सासू, सासरा, नवरा तिघेही जाच करणारे. आषाढीच्या सुमारास ती कृष्णेवर पाण्याला गेलेली असताना पंढरीची दिंडी दिसते. ती घागर ठेवते आणि दिंडीबरोबर निघते. बातमी घरी पोचते, नवरा येऊन तिला ओढत परत नेतो आणि खांबाला करकचून बांधतो. अन्नपाणी बंद. मग बाईचे रूप घेऊन विठ्ठल येतो, तिला सोडवतो आणि तिच्या जागी स्वतःला बांधून घेतो. सखू पंढरीला जाते.

बहुतेकांची आठवण इथे थांबते. खरी गंमत इथून पुढे सुरू होते.

खांबाला बांधलेला देव उपाशी उभा राहतो. दिवस लोटतात, शेवटी नवराच दोर सोडतो, आणि देव सुनेच्या कामाला लागतो. पाणी भरणे, स्वयंपाक, वाढणे, सासू-सासऱ्यांची सेवा. तिकडे पंढरीत सखू देवापुढे प्राण सोडते. कराडजवळच्या किवळ गावचा एक ब्राह्मण वारीला आलेला असतो. तो तिला ओळखतो आणि सोबतच्या लोकांच्या मदतीने तिला अग्नी देतो. आता पंचाईत होते ती रुक्मिणीची. सखू मेली, मग कराडच्या घरातली सून कोण? तिचा नवरा! खरी सून परत जाईपर्यंत त्याला तिथून हलता येत नाही, आणि खरी सून तर जळून गेलेली. तेव्हा रुक्मिणी सखूच्या अस्थी गोळा करते, तिला जिवंत करते आणि कराडला धाडते. नदीकाठी दोन्ही सखूंची भेट होते. घागर एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि देव सुटतो. त्यानंतर किवळचा ब्राह्मण सुतकी चेहऱ्याने कराडच्या दारात उभा राहतो, तुमची सून गेली म्हणून सांगायला, तर समोर सून घरकाम करते आहे. तो म्हणतो, मी स्वतः हिला जाळली. सासू-सासरे म्हणतात, ही तर घराबाहेर पडलीच नाही. दोन्ही बाजू खरे बोलत असतात.

वेषांतर, अदलाबदल, चुकलेली ओळख, मेलेल्याची बातमी आणणाऱ्यासमोर मेलेले माणूस: कोणत्याही चांगल्या फार्सला लागते ते सगळे इथे आहे. कीर्तनातले हे आख्यान ऐकणाऱ्याला, खांबाला कोण बांधले आहे, ते पहिल्यापासून ठाऊक असते, सासूला नसते. सासू जितकी कडाडते तितकी तिची फजिती वाढत जाते, आणि सुनेला त्यासाठी एक शब्दही उलट बोलावा लागत नाही. ज्या घरात उलट बोलण्याची सोयच नव्हती त्या घरांतल्या बायकांनी हे आख्यान पिढ्यान्पिढ्या ऐकले.

आता मला जे सांगायचे आहे ते. वारकरी कथांमध्ये विठ्ठल पुष्कळदा कुणाचे तरी रूप घेतो. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्याच मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे लोकांसाठी उघडली, तेव्हा विठू महार होऊन बेदरच्या दरबारात पैसे भरून पावती घेऊन आला तो हाच. सेना न्हाव्याच्या ऐवजी राजाकडे धोकटी घेऊन गेला तोही हाच. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन त्याने बारा वर्षे पाणी भरले. ही यादी एकत्र ठेवून पाहा. महार, न्हावी, पाणक्या, आणि सून. देव ज्यांची चाकरी स्वतःकडे घेतो त्या राबणाऱ्यांच्या ओळीत घरची सून बसली आहे. कथाकारांनी हे कुठे मुद्दाम सांगितलेले नाही, त्यांना ते सांगण्यासारखे वाटलेही नसेल. म्हणूनच ते जास्त बोलके आहे.

या ओळीतही सुनेची जागा निराळी आहे. दरबारात पैसे भरले, पावती मिळाली, विठू महाराचे काम संपले. राजाची हजामत एका सकाळची. श्रीखंड्या बारा वर्षे राहिला खरा, पण ओळख पटताच नाहीसा झाला. त्याच्या जागी दुसऱ्या कुणी आधी येऊन उभे राहण्याची अट नव्हती. सुनेच्या जागेवर मात्र एकदा बसले की उठता येत नाही. तिथे रजा नाही, काम संपण्याची वेळ नाही, राजीनामा तर नाहीच. विश्व चालवणारा देव कराडच्या माजघरात अडकून पडतो आणि त्याच्या सुटकेसाठी मेलेली बाई उठवावी लागते. कथेतला सर्वांत मोठा विनोद हा आहे. कुळकर्ण्याच्या लेखणीतून उतरलेला असल्यामुळे असेल, पण त्यात हिशेब चोख आहे: एका घरात एक सून, ना कमी ना जास्त.

यात प्रेमकथा कुठे आहे, असे कुणी विचारील. सखू आणि तिच्या नवऱ्याची ती नव्हे. ती विठ्ठल-रुक्मिणीची आहे. पंढरपूरची सगळी दंतकथाच मुळी एका रुसव्यापासून सुरू होते. द्वारकेत कृष्णाच्या मांडीवर राधेला पाहून रुक्मिणी रागावली आणि दिंडीरवनात येऊन बसली. तिची समजूत काढायला आलेला देव पुंडलिकाच्या विटेवर उभा राहिला तो राहिलाच. चंद्रभागेच्या काठचे लखूबाईचे देऊळ म्हणजे तिच्या रुसव्याची जागा मानतात. गावोगावच्या देवळांत ही जोडी शेजारी शेजारी उभी असते, पण पंढरपुरात दोघांचे गाभारे वेगळे. जनीबरोबर दळण दळायला जाणाऱ्या या नवऱ्यावरून रुक्मिणीची कुरकुर जात्यावरच्या ओव्यांत सतत ऐकू येते. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतही सासुरवास आणि विठ्ठल हे दोन विषय एकमेकांना लागूनच येतात. ते साहजिकच आहे, कारण एकनाथांनी पंढरीला माहेर म्हटले आहे. भोंडल्याच्या गाण्यातली सून माहेरी जायची परवानगी मागते आणि घरातला एकेक जण तिला पुढच्याकडे पाठवतो, नवी अट घालतो. सखूची वारीही तशीच माहेरची वाट आहे. ती अडवली की देवाला यावे लागते, आणि देव आला की रुक्मिणी एकटी पडते. एका सुनेला माहेरी जाऊ दिले नाही म्हणून देवाचा संसार मोडायला आला, असा हा कारणांचा साखळदंड आहे.

प्रभातने ही कथा निवडली तेव्हा कंपनीचे 'संत तुकाराम' (1936) आणि 'संत ज्ञानेश्वर' (1940) गाजून गेले होते. 'संत सखू'चे नाव त्या दोघांच्या जोडीने घेतले जात नाही. मला मात्र त्यातली पात्रनिवड फार मोलाची वाटते. सासूचे काम गौरीने केले. ही तीच गौरी, जी 'संत तुकाराम'मध्ये जिजाई झाली होती; त्याआधी ती जमावातल्या दृश्यांत काम करणारी बाई. आजारी पोराला घेऊन, हातात पायताण उगारून विठोबावर धावून जाणारी जिजाई ज्यांनी पाहिली होती, त्यांच्याच समोर पाच वर्षांनी ती सखूची सासू म्हणून उभी राहिली. जिजाईचे देवाशी भांडण समोरासमोरचे, पोटाच्या भुकेचे आणि म्हणून हसू आणणारे होते. सासू झाल्यावर ती देवाला छळते, पण तिला ते माहीतच नसते. एकच चेहरा दोन्हीकडे असल्याने खाष्ट सासू ही कुठून आकाशातून पडलेली नसते, तीही कधीकाळची गांजलेली सून असते, हे प्रेक्षकाला न सांगता कळण्याची सोय झाली.

सखू झाली हंसा वाडकर. तिचे मूळ नाव रतन साळगावकर, जन्म 1923 चा. म्हणजे तेव्हा ती अठराच्या आसपास. गोष्टीच्या मागणीमुळे सखूचे रूप घेतलेला देवही तिच्याच चेहऱ्याने वावरणार. भक्त आणि भगवंत दोन्ही एका पोरसवदा नटीच्या अंगावर, आणि दोघांचाही वेष सासुरवाशिणीचा.

याच प्रभातने चार वर्षे आधी, 1937 साली, व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'कुंकू' काढला होता. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा (शांता आपटे) त्याला नवरा मानायला साफ नकार देते, घरातल्या काकूशी दोन हात करते, सावत्र मुलाला सरळ करते. धीटपणात नीरा सखूच्या कितीतरी पुढे. सखूच्या कथेत देवसुद्धा बंड करत नाही, तो फक्त अधिक चांगली सून होऊन दाखवतो, हा तिचा मोठा दोष मानावा लागेल. तरीही दोन्हींचे शेवट शेजारी ठेवले की वेगळेच काही दिसते. 'कुंकू'त म्हाताऱ्याला जीव द्यावा लागतो, तेव्हा नीरा मोकळी होते. सुधारणेच्या गोष्टीत कुणीतरी मेल्याशिवाय गाठ सुटत नाही. सखूच्या जुन्या कथेत मात्र मेलेलीच उठून बसते, सासू-सासरे पश्चात्ताप करतात, रुक्मिणीला नवरा परत मिळतो आणि घर जागच्या जागी राहते. प्रेक्षकाला हसत घरी जाता येते, पण सखूही त्याच घरी परत गेलेली असते.

हंसा वाडकरचे आणखी एक नाते थेट आमच्या गावाशी आहे. 1947 च्या 'लोकशाहीर रामजोशी'त ती बयाबाई झाली. रामजोशी सोलापूरचा, वेदविद्येच्या घरातून उठून तमाशाच्या फडात गेलेला. जयराम शिलेदार रामजोशी आणि ग. दि. माडगूळकरांची लेखणी. खांबाला बांधलेली सून आणि ब्राह्मणाला घराबाहेर ओढणारी तमासगिरीण, दोन्ही भूमिका मराठी प्रेक्षकाने एकाच बाईकडून करवून घेतल्या. पुढे 1959 मध्ये अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला आणि पुण्याच्या विजयानंदला 131 आठवडे चालला. तेच नाव तिने आपल्या आत्मकथनाला दिले. अरुण साधू यांनी शब्दांकन केलेले ते कथन आधी 'माणूस'मधून आले आणि 1970 मध्ये त्याचे पुस्तक झाले. संसाराची ओढ आणि संसाराने केलेली कोंडी या दोन्हींबद्दल इतके उघडपणे तोवर कोणी नटी बोलली नव्हती.

त्या पुस्तकावरून श्याम बेनेगल यांनी 1977 मध्ये 'भूमिका' केला. स्मिता पाटीलची उषा त्यात एका श्रीमंत जमीनदाराच्या वाड्यात राहायला जाते. तिथे त्याची आई आहे, अंथरुणाला खिळलेली बायको आहे, लहान मुलगा आहे. उषा मनापासून घर सांभाळते, मुलाचे करते, सगळ्यांची मने जिंकते. एक दिवस ती मुलाला जवळच्या जत्रेला घेऊन जायला निघते, आणि तिला सांगितले जाते की या घरातल्या बायका उंबऱ्याबाहेर जात नाहीत. तिच्या जागी बांधून घ्यायला कोणी येत नाही. शेवटी ती ज्या नवऱ्याला सोडून आली होती त्यालाच निरोप धाडते, आणि तो पोलीस घेऊन दारात उभा राहतो.