गिरगावात उणे ४० अंश

गिरगावातल्या खोताच्या वाडीचे बोळ चारचाकीसाठी आखलेलेच नाहीत. लाकडी व्हरांडे आणि बाहेरून चढणारे जिने यांच्यामधून माणूस जातो, फार तर स्कूटर जाते. त्यामुळे वाडीतल्या गाड्या बाहेर रस्त्याच्या कडेला ऊन आणि खारी हवा खात उभ्या राहतात. वर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. समजा, अशा एखाद्या गाडीच्या डॅशबोर्डवर मे महिन्यात चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला, तर कोड आला पी०११८ आणि कूलंटचं तापमान दिसलं उणे ४० अंश. गिरगावात उणे ४० शक्य नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. मग सेन्सर बिघडला म्हणायचं आणि नवा बसवायचा? बहुतेक वेळा होतं तेच, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे.

हा सेन्सर म्हणजे तापलं की रोध कमी होणारा एक छोटा थर्मिस्टर. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्याच्याकडे ५ व्होल्ट पाठवतो आणि व्होल्टेज किती खाली आलं यावरून तापमान ठरवतो. थंडीत रोध जास्त, म्हणून व्होल्टेजही जास्त. आता वायर तुटली तर रोध अनंत होतो. ईसीयूला ती कडाक्याची थंडी वाटते आणि तो मोजपट्टीचं शेवटचं टोक, उणे ४०, दाखवतो. म्हणजे हा आकडा फक्त एवढंच सांगतो की सर्किट कुठेतरी उघडं पडलंय. ते सेन्सरच्या पोटात असेल, उंदराने कुरतडलेल्या वायरमध्ये असेल किंवा हिरवा गंज चढलेल्या कनेक्टरच्या पिनेत असेल. कोड तिन्ही वेळा एकच. निवाडा करायला दोन मिनिटं पुरतात: सेन्सरचा प्लग काढायचा आणि त्याच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडायच्या. स्कॅनरवरचा आकडा उणे ४० वरून उडी मारून शंभराच्या वर गेला, तर वायरिंग आणि ईसीयू ठीक. दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या पिनांत. आकडा जागचा हलला नाही, तर नवा सेन्सर आणूनही दिवा जाणार नाही.

याहून फसवा कोड पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. इथे पहिला संशय जातो सायलेन्सरच्या वाटेवर बसलेल्या ऑक्सिजन सेन्सरवर. त्यातला झिर्कोनियाचा तुकडा सुमारे ३०० अंशांच्या वर तापला की धुरातल्या आणि बाहेरच्या हवेतल्या ऑक्सिजनची तुलना करून व्होल्टेज देतो; हवा जास्त असेल तर ०.१ च्या आसपास, पेट्रोल जास्त असेल तर ०.९ च्या. पण तो ‘हवा जास्त’ म्हणतो तेव्हा अनेकदा खरंच बोलत असतो. इनटेकचा रबरी पाइप चिरलेला असतो किंवा पेट्रोल पंप थकलेला असतो. यातही फरक करता येतो. ईसीयू किती जादा पेट्रोल टाकतोय हे स्कॅनरवर दिसतं. ते प्रमाण आयडलिंगला जास्त आणि २५०० आरपीएमला कमी असेल, तर हवेची गळती शोधावी; वेग वाढवल्यावर ते वाढत असेल, तर पंप आणि फिल्टर.

मेकॅनिक म्हणेल, तपासत बसायला वेळ कुणाला आहे, गिऱ्हाईक खोळंबलंय, आणि सेन्सर मरतातही. दुसरा मुद्दा मला मान्य आहे. ऑक्सिजन सेन्सरचा हीटर खरोखर जळतो. मल्टिमीटरने त्याचा रोध मोजला की कळतं, आणि मग बिनदिक्कत बदलावा. पण वेळेचं गणित उलटं आहे. पिना जोडायला दोन मिनिटं लागतात, तर चुकीचा पार्ट घालून गाडी परत आली की अख्खा दिवस जातो. शिवाय बसवलेला इलेक्ट्रिकल पार्ट दुकानदार सहसा परत घेत नाही.

दुसरा युक्तिवाद कोड उडवून देण्याचा: गाडी पळतेय ना, मग दिवा विझवा. हे मला सर्वांत नुकसानकारक वाटतं. दोष सापडला त्या क्षणीचा वेग, आरपीएम, तापमान यांची नोंद ईसीयू जपून ठेवतो. कोड उडवला की तीही जाते, म्हणजे हातातला पुरावाच गेला. आणि हा दिवा मुळात धुरासाठी आहे. अमेरिकेत ओबीडी-२ ची पद्धत १९९६ मध्ये सक्तीची झाली. आपल्याकडे बीएस-४ बरोबर २०१० मध्ये ओबीडी आलं, २०१३ पासून ओबीडी-२. कूलंट गोठलंय असा समज झालेलं इंजिन गरज नसताना पेट्रोल ओततं, आणि अर्धवट जळलेला धूर सोडतं. बोळाच्या तोंडाशी सुरू ठेवलेल्या गाडीचा तो धूर समोरच्या व्हरांड्यात बसलेल्या माणसाच्या छातीत जातो.

दुरुस्ती बरोबर झाली असेल तर दिवा उडवायची घाईही लागत नाही. सलग तीन फेऱ्यांत चाचणी पूर्ण होऊन तोच दोष पुन्हा आढळला नाही, की ईसीयू दिवा आपणहून विझवतो. कोड मात्र आणखी सुमारे ४० वेळा इंजिन थंड होऊन पुन्हा तापेपर्यंत आठवणीत ठेवतो.